नवीन मशीन गळ्यात न मारणारं दुकान

खानापुरात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पंचायतीचे अर्ज. मराठी मजकूर पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरात, कन्नड नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरात. मशीन दोन, दोन्ही जुनी. त्यातल्या विंडोज १० वाल्यावर बँकेची साइट उघडेना. उघडली की 'कनेक्शन सुरक्षित नाही'. बेळगावात एकाने न बघताच व्हायरस ठरवला आणि फॉरमॅट करून क्रॅकवालं, म्हणजे चोरीचं, विंडोज ११ टाकून देतो म्हणाला.

मग बेळगावच्याच शहापुरातल्या या दुकानात गेलो. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. पोराने आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. "ओ काका, हे २०१३ दाखवतंय की ओ!" कॅबिनेट उघडून ब्रशने धूळ झाडली, मदरबोर्डावरचा, तारीख सांभाळणारा नाण्याएवढा सेल स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचकटला, नवा बसवला आणि तारीख नीट केली. बँक उघडली! साइटच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशीनच त्याआधीच्या काळात असेल तर ब्राउझर अडवणारच. सेलचे चाळीस रुपये घेतले.

पुढचं विंडोज ११ चं मीच विचारलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडत नाही, पण नवीन सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. माझा आय-फाइव्ह चौथ्या पिढीचा; ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. "जुगाडाने बसतंय, पण अपडेटची हमी नाही. आणि क्रॅक टाकताना अँटीव्हायरस बंद करा म्हणतात, तिथंच काय ते समजा," असं त्याने सरळ सांगितलं. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून, सेटिंगचा बॅकअप चालू ठेवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा अपडेट फुकट घेता येतात, हेही त्यानेच दाखवलं. पण वर्षभराने पुन्हा तेच रडगाणं. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकटची सिस्टिम घ्यायचं ठरवलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. सोबत रॅम आठ जीबी केली, हार्डडिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी टाकली. आता चहा ठेवायच्या आत मशीन सुरू होतं. मराठी आणि कन्नड दोन्ही इन्स्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांची सरकारी मांडणी) त्यात आहेतच.

पेजमेकर मात्र मिंटवर धड चालत नाही, आणि जुन्या फॉन्टातल्या शेकडो पत्रिका मी काही परत टाइप करणार नाही. त्यावर त्याचा तोडगा मला फार आवडला: विंडोज ७ वालं दुसरं मशीन फक्त छपाईच्या कामाला, त्याची नेटची वायर काढूनच टाकायची. बँक, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिंटवर. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्हही आधी मिंटलाच लावायचा. आमच्या धंद्यात पेनड्राइव्ह म्हणजे बाजारातला पेला, दहा तोंडं लागलेली. परवा एका वधूपित्याच्या पेनड्राइव्हमध्ये फोटोंच्या जागी नुसते शॉर्टकट दिसले. खरे फोटो लपवलेल्या फोल्डरात सापडले, ते तेवढे उचलून पुढे नेले.

तक्रारी आहेत. माझा जुना स्कॅनर मिंटवर चालला नाही. 'होईल की ओ' म्हणून त्याने दोनदा टोलवलं, शेवटी तो विंडोज ७ लाच जोडला. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. एसएसडीची वॉरंटी आहे, तेव्हा मागून घ्याच. मजुरीही आधी ठरवा. फोन क्वचितच उचलतो, पण संध्याकाळी पाचनंतर हटकून दुकानात असतो.