इंटर्न घ्यायचे तर कुठले: उन्हाळी, लास्ट सेमचे की अप्रेंटिस?

परवा ओळखीतल्या एकाचा फोन आला, कोथरूडला छोटं ऑफिस आहे त्याचं, अकरा माणसं, म्हणाला एका कॉलेजच्या टीपीओ, म्हणजे प्लेसमेंट बघणाऱ्या मॅडम मागे लागल्यात, एमसीएची दोन मुलं घ्या म्हणून, तर घेऊ का? अर्धा तास बोललो, तेच जरा नीट लिहून टाकतो. आम्ही चौदा जण, भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांसाठी स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो, आणि तिन्ही प्रकारची मुलं घेऊन बघितलीयेत.

उन्हाळी इंटर्न म्हणजे मे-जूनमधले सहा ते आठ आठवडे. पहिला आठवडा लॅपटॉप, लॉगिन आणि प्रोजेक्ट स्वतःच्या मशीनवर चालू करण्यात जातो, शेवटचा सर्टिफिकेट आणि रिपोर्टमध्ये, मधे उरतात चार ते सहा. त्यात कस्टमर वाट बघतोय असं काहीही देऊ नका. बाजूला पडलेलं काहीतरी द्या, टेस्ट स्क्रिप्ट, ऑफिसपुरता डॅशबोर्ड वगैरे. झालं तर झालं.

लास्ट सेमचं वेगळंय. एमसीए २०२० पासून तीनाचं दोन वर्षांचं झालं, आणि चौथी सेमिस्टर बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिपसाठीच मोकळी असते, म्हणजे जानेवारी ते जून माणूस पूर्णवेळ तुमच्याकडे. पण 'एमसीए' या शब्दावर जाऊ नका, कारण एक बीसीए करून आलेला असतो, दुसरा बीएस्सी केमिस्ट्री आणि ब्रिज कोर्स करून, दोघांच्या मार्कलिस्ट सारख्याच दिसतात. आम्ही इंटरव्ह्यूत एकच करतो, डेटाबेसमधली दोन टेबलं देतो, एक पार्ट्यांचं, एक बिलांचं, आणि 'ज्या पार्टीचं एकही बिल नाही त्यांची नावं काढ' म्हणतो. लेफ्ट जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडायची त्यासाठीची रीत, आलं नाही तरी चालतं, विचार कसा करतोय ते दिसतं.

गेल्या वर्षी लातूरकडची एक मुलगी होती, तिची पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला कोड, उघडली तर हजारो फायली, अख्खं नोड मॉड्यूल्स फोल्डर, म्हणजे बाहेरच्या तयार लायब्रऱ्या, ज्या कधी पाठवायच्या नसतात, पुश केलेलं! सीनियरने डोक्याला हात लावला. पण ती प्रत्येक एरर वहीत लिहायची, हो, कागदाच्या वहीत, तारीख, मेसेज, कशामुळे आली, कशी गेली, आणि एप्रिलपर्यंत ई-वे बिलाच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याच्या, तक्रारी तीच सॉफ्टवेअरच्या नोंदी (लॉग) बघून सोडवायला लागली. आठ आठवड्यांत हे झालंच नसतं.

याची डोकेदुखी म्हणजे कॉलेज. एनओसी, गाइडचे फोन, मधला रिव्ह्यू, आणि मे महिन्यात ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधलेला रिपोर्ट, त्या दहा-बारा दिवसांत कामाची अपेक्षा ठेवूच नका, मुलं झेरॉक्सच्या दुकानातच राहायला जातात. शिवाय मार्चमध्ये मोठ्या कंपनीचं लेटर आलं की शरीर इथे, मन हिंजवडीच्या आयटी पार्कात. हे धरूनच चला.

तिसरा अप्रेंटिस, म्हणजे पास झालेला, वर्षभराचा करार, नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवरून. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९००० रुपये स्टायपेंड ठरला, त्यातले निम्मे, म्हणजे ४५००, केंद्र सरकारकडून. ३० किंवा जास्त माणसं असतील तर २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं सक्तीचं, ४ ते २९ वाल्यांची मर्जी. १९६१ च्या कायद्याने तो ट्रेनी, कामगार नाही, त्यामुळे पीएफची भानगड नाही, पण पोर्टलवर करार, हजेरी, क्लेम हे वेळच्या वेळी करणारं कोणीतरी लागतं. आमच्याकडे अकाउंटवाल्या ताई आहेत म्हणून निभावलं. लोक मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही विचारतात, २०२४ ची, पण त्यात शिक्षण चालू असलेली मुलं बसत नाहीत, त्यामुळे उन्हाळी आणि लास्ट सेमवाल्यांना तिचा उपयोग शून्य.

पैशाचं म्हणाल तर फुकट राबवू नका. बाहेरगावचं पोरगं कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहतं, मेस लावतं, आम्ही बारा हजार देतो आणि त्यात त्याचं जेमतेम भागतं. पण खरा खर्च तो नाहीच. खरा खर्च सीनियरचा रोजचा एक तास, पहिले दोन महिने तरी, आणि तोही कामाच्या ऐन वेळेतला. तो तास नसेल तर तिन्हीतला कुठलाही इंटर्न नुसता खुर्ची अडवतो, यूट्यूब बघून दिवस काढतो आणि कॉलेजात जाऊन सांगतो तिकडे काही शिकवत नाहीत, आणि ते खरंच असतं. म्हणून घ्यायचेच तर एक नको, दोन घ्या, निम्म्या शंका ते एकमेकांत मिटवतात. आणि प्रोडक्शन डेटाबेसचा, म्हणजे कस्टमरच्या खऱ्या डेटाचा, पासवर्ड पहिल्या दिवशी कोणालाच नाही, आमच्याकडे एकाने वेअर, म्हणजे कुठल्या ओळी बदलायच्या ती अट, न लावता अपडेट मारला होता आणि सगळ्या पार्ट्यांचा जीएसटी नंबर एकच झाला, नशीब की ती टेस्टिंगची कॉपी होती.

तर मी त्याला म्हटलं, तुझ्या साइजला लास्ट सेमचेच बरे, जानेवारीत घे, कागदपत्रं सांभाळायला माणूस मिळाला की मग अप्रेंटिसचं बघ. फक्त तो रोजचा तास कोण देणार ते आधी ठरव.

जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सीनियर एकच आहे रे, आणि तो नोटीस पिरियडवर आहे."