रेस्टॉरंट गाइडांनी भेटीची तारीख छापावी

महागड्या रेस्टॉरंटात टेबल बुक करायच्या आधी ओळखीचे लोक मला विचारतात, "स्टार आहे म्हणजे डोळे झाकून जायचं ना?" फाइन डाइनिंगमध्ये मी बरीच वर्षं सर्व्हिस कॅप्टन, म्हणजे टेबलांवरच्या वाढपाची जबाबदारी सांभाळणारी, होते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. गाइड, यादी आणि ॲपवरचं रेटिंग या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, पण लोक तिन्हींवर सारखाच भरवसा टाकतात. म्हणून तिन्हींबद्दल लिहिते आहे, टेबलाच्या पलीकडच्या बाजूने जे दिसलं त्यासकट.

सुरुवात मिशेलिन गाइडपासून, कारण लोक विचारतात तो स्टार याच गाइडचा. आंद्रे आणि एदुआर या मिशेलिन बंधूंची टायरची कंपनी. १९०० साली त्यांनी हे गाइड काढलं तेव्हा फ्रान्समध्ये तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या, तरी जवळपास ३५,००० प्रती छापल्या. लोकांनी गाड्या घेऊन लांबवर फिरावं आणि टायर झिजवावेत, हा सरळ हिशेब होता. स्टार आला १९२६ मध्ये, आणि एक-दोन-तीन अशी चढण १९३१ मध्ये. त्या स्टारांचा अर्थ आजही रस्त्याच्याच भाषेत सांगतात: एक म्हणजे वाटेवर असेल तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे खास त्यासाठीच प्रवास करा. मला ही व्याख्या फार आवडते. जेवणाऱ्याने किती खटपट करावी, एवढंच ती सांगते.

स्टार देताना निकष पाच: कच्च्या मालाचा दर्जा, चवींचा मेळ, तंत्रावरची हुकमत, पदार्थांत दिसणारं शेफचं व्यक्तिमत्त्व आणि सातत्य. हे पाचही ताटापुरतेच आहेत. खुर्ची, झुंबर, वाढप यांचा स्टारशी संबंध नाही. म्हणजे मी आयुष्यभर जे काम केलं ते स्टारात मोजलंच जात नाही. पाहुणा डावखुरा आहे हे पहिल्या घासाला ओळखून पुढच्या कोर्सची मांडणी उलटी करायची. ॲलर्जीची चिठ्ठी किचनमध्ये नुसती ठेवायची नाही, ती मोठ्याने वाचून दाखवायची आणि समोरून होकार ऐकूनच हलायचं. एका टेबलावर भांडण चाललंय हे पाहून पुढची प्लेट थोडी मागे धरायची. यातल्या कशालाच स्टार नाही. याबद्दल माझी तक्रार नाही, उलट हे चोख आहे असंच मी म्हणेन. पण "तीन स्टार असून आमच्याकडे कोणी बघितलं नाही" असं पाहुणे रागाने म्हणतात, तेव्हा गाइडने न दिलेला शब्द ते गाइडकडे मागत असतात.

खरी गोम पाचव्या निकषात आहे. सातत्य. फाइन डाइनिंगमधली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. सॉस सांभाळणारा माणूस सोडून गेला की त्याच पाककृतीचा तोच सॉस किंचित जास्त आटतो. मुख्य शेफ पासवर, म्हणजे किचनमधून प्लेट बाहेर जाते त्या जागी, उभा असेल तर प्लेट पुसूनच बाहेर येते. तो परगावी कार्यक्रमाला गेला की पहिले दोन तास शिस्त टिकते आणि मग हात सैल पडतात. टेस्टिंग मेन्यूत, म्हणजे छोटे छोटे पदार्थ ठरलेल्या क्रमाने येतात तेव्हा, एक पाहुणा फोन घ्यायला उठला तर त्या टेबलाची प्लेट नव्याने लावावी लागते आणि मागच्या चार टेबलांची रांग बिघडते. मंगळवारी निम्मी टेबलं भरलेली असताना जे किचन अप्रतिम असतं, ते शनिवारी दुसऱ्या बैठकीला तसंच असेल याची खात्री एका जेवणावरून कोणीही देऊ शकत नाही. त्यासाठी पुन्हा जावं लागतं, वेगळ्या वारी, ओळख न देता, स्वतः बिल भरून.

मिशेलिनचे निरीक्षक पगारी असतात, नाव लपवून जातात आणि बिल भरतात. इथवर उत्तम. पण ते किती वेळा आले, शेवटचे कधी आले, हे त्या रेस्टॉरंटच्या नावासमोर वाचकाला कुठेही दिसत नाही. २००४ मध्ये पास्कल रेमी या माजी निरीक्षकाने पुस्तक लिहून सांगितलं की फ्रान्समध्ये निरीक्षक मोजकेच आहेत आणि प्रत्येक ठिकाणी दरवर्षी जाणं होत नाही. कंपनीने ते खोडून काढलं. कोण खरं, हे वाचकाने कशावरून ठरवायचं? पुढच्याच वर्षी बेनेलक्स (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) आवृत्तीत बेल्जियममधल्या ओस्टेंडच्या एका रेस्टॉरंटची शिफारस छापून आली; ते तेव्हा उघडलंही नव्हतं. अख्खी आवृत्ती मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या बूर्ज गावातल्या साध्या कॅफेच्या नावावर वेबसाइटवर स्टार लागला, कारण पॅरिसजवळच्या एका रेस्टॉरंटचं नाव तेच होतं. ही दुसरी चूक कारकुनी होती, ती मी मनावर घेत नाही. पहिली घेते. न उघडलेल्या जागेची शिफारस कागदावर येते, याचा अर्थ "जेवलो कधी" हा रकाना भरल्याशिवाय नोंद पुढे सरकू शकत होती.

मार्क वेरा या फ्रेंच शेफने तिसरा स्टार गेल्यावर २०१९ मध्ये कोर्टात जाऊन कारणांचे कागद मागितले. तो हरला, आणि ते मला पटतं. मत देणाऱ्याला कोर्टात खेचू नये. सेबास्तियाँ ब्रास या दुसऱ्या फ्रेंच शेफने तर २०१७ मध्ये आपल्याला गाइडमधून वगळा अशी विनंती केली, २०१८ च्या आवृत्तीत त्याला वगळलं आणि २०१९ मध्ये दोन स्टार देऊन परत घेतलं. त्याच्या मनावरचा ताण मी समजू शकते, स्टारच्या मोसमात किचनमध्ये काय वातावरण असतं ते मी अनुभवलं आहे. तरीही इथे मी गाइडच्या बाजूने आहे. गाइड शेफचं नसतं, वाचकाचं असतं. आणि म्हणूनच भेटींच्या तारखा वाचकाला मिळाल्या पाहिजेत. प्रसिद्ध फ्रेंच शेफ पॉल बोक्यूज यांच्या रेस्टॉरंटचे तीन स्टार १९६५ पासून होते. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २०२० मध्ये, तिसरा गेला. तिथलं ताट नेमकं कोणत्या वर्षी उतरलं, हे गाइडमधून कळायला मार्ग नाही.

ओळख लपवण्याबद्दल एक सांगते. एकट्याने आलेला, वाइन बेताने पिणारा, प्रत्येक प्रश्न नीट विचारणारा पाहुणा दिसला की आमच्यात नजरानजर व्हायची. समीक्षकांचे फोटो किचनच्या भिंतीवर असणं नवीन नाही. ओळख पटली की टेबल बदलतं, प्लेटमधलं प्रमाण वाढतं, मुख्य शेफ स्वतः प्लेट लावतो. सकाळी उकळून ठेवलेला स्टॉक (सॉस-सुपांचा मूळ रस) मात्र बदलता येत नाही, त्यामुळे जाणकार समीक्षक ओळखला गेला तरी चवीबद्दल बरंच खरं सांगू शकतो; वागणुकीबद्दल नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ रायकल यांनी १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ले सर्क या रेस्टॉरंटबद्दल लिहिताना हाच फरक उघड केला: वेषांतर करून गेल्यावर काय वाट्याला आलं आणि ओळखीनंतर काय, दोन्ही शेजारी शेजारी. फाइन डाइनिंगच्या परीक्षणाचा इतका प्रामाणिक नमुना दुसरा मला माहीत नाही.

पैशांचं म्हणाल, तर अनेक ठिकाणी पर्यटन मंडळं मिशेलिनला रक्कम देतात. कॅलिफोर्नियाच्या मंडळाने २०१९ च्या राज्यव्यापी आवृत्तीसाठी सहा लाख डॉलर दिले. यामुळे स्टार विकला जातो असं मी मानत नाही. पण कोणता प्रदेश गाइडच्या नकाशावर येणार, यात पैशाचा हात असतो. तुमच्या मुक्कामाच्या शहरात एकही स्टार नसेल तर तिथे चांगलं रेस्टॉरंट नाही, असा अर्थ काढू नका.

'वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट' ही जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांची २००२ पासूनची यादी मतांवर चालते. हजाराहून जास्त शेफ, लेखक आणि जगभर फिरून खाणारे लोक मत देतात. प्रत्येकजण सगळीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे विमानाने सहज गाठता येणाऱ्या आणि गाजणाऱ्या जागा वर सरकतात. शिवाय २०१९ पासून आधीचे पहिल्या क्रमांकाचे विजेते स्पर्धेत नसतात. यंदा कशाची चर्चा आहे ते कळायला यादी छान. बाविसावा आणि एकतिसावा यांतल्या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

ॲपवरच्या ताऱ्यांवर या किमतीच्या जेवणासाठी मी अजिबात जात नाही. २०१७ मध्ये लंडनच्या डलिचमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या बागेतली शेड खोट्या परीक्षणांच्या जोरावर ट्रिपॲडव्हायजर या रेटिंगच्या वेबसाइटवर शहरातलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट करून दाखवली. तिथे एकही प्लेट वाढली जात नव्हती. फार तर कमी तारे देणाऱ्यांचे शेरे वाचा, आणि त्यांतही दोन कोर्समधल्या वेळेबद्दलचे. पाचसहा अनोळखी माणसं "मधे फार वेळ गेला" असं म्हणत असतील तर ते किचन अपुऱ्या माणसांवर चाललं आहे.

तर माझा कौल असा. आज विश्वास ठेवण्याजोगं मिशेलिनच, कारण खाणारा पगारी आहे आणि बिल भरतो. त्यातही १९९७ पासूनच्या बिब गूरमाँच्या शिफारशी, म्हणजे माफक दरातलं चांगलं जेवण, मला जास्त भरवशाच्या वाटतात. तिथे मेन्यू छोटा आणि किचन साधं असतं, त्यामुळे बिघडण्याच्या जागा कमी. स्टारवाल्या ठिकाणी जायचं असेल तर स्टार किती वर्षं सलग आहे आणि दरम्यान शेफ बदलला का, ते आधी बघा. मग फोन करा आणि दोन प्रश्न विचारा: त्या आठवड्यात शेफ किचनमध्ये आहेत का, आणि मेन्यू शेवटचा कधी बदलला. मेन्यू कालच बदलला असेल तर दोन आठवडे थांबा, नव्या पदार्थांवर हात बसायला तेवढा वेळ लागतोच.