फोल्डस्कोप: ज्वारीपासून उन्हाळी भुईमुगापर्यंत वापरल्यानंतर

कागदाच्या घड्या घालून बनवायचा हा सूक्ष्मदर्शक मी मुख्यतः एकाच कामाला वापरला: पिकाच्या पानावरची पर्णरंध्रं, म्हणजे हवा आणि वाफ ये-जा करणारी बारीक छिद्रं, बघायला. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी सहकाऱ्यांसोबत तो तयार केला आणि २०१४ मध्ये त्याची जगाला ओळख झाली. १४० पट मोठं दिसतं, रंध्रांसाठी तेवढं पुरतं.

पद्धत सोपी आहे. पानावर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळला की सेलोटेपने उचलून काचपट्टीवर चिकटवायचा. पानाचा ठसा मिळतो. वांग्यासारख्या लवदार पानाचा ठसा मात्र कधीच नीट उठला नाही.

पहिल्यांदा बांधावरच्या आंब्याचं पान घ्या. वरच्या बाजूला रंध्रच सापडत नाही, सगळी खाली. ज्वारीत दोन्ही बाजूंना, ओळीने मांडलेली, आणि रंध्राची उघडझाप करणाऱ्या रक्षक पेशी डंबेलच्या आकाराच्या. भुईमुगात त्या राजम्याच्या दाण्यासारख्या.

खरा उपयोग झाला तो उन्हाळी भुईमुगात. ठिबकवरचे वाफे आणि पाण्याची पाळी लांबलेले वाफे, दोन्हींचे ठसे मी सकाळी उशिरा घेत गेलो. पाळी लांबलेल्या वाफ्यातली पानं वरून टवटवीत होती, तरी ठशात फटी अरुंद झालेल्या. माती सुकू लागली की झाडात अब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, रक्षक पेशींतून पोटॅशियम आणि पाणी बाहेर जातं, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड येण्याची वाटही तीच असल्याने अन्न बनणं मंदावतं, शिवाय बाष्पोत्सर्जन थांबल्याने पान तापतं. म्हणजे पान मलूल दिसेपर्यंत नुकसान सुरू झालेलं असतं. आऱ्या (फुलातून जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना आणि शेंगा भरताना हे फार महागात पडतं. आता मी पान झुकायची वाट बघत नाही.

हा सौदा किती महाग आहे बघा: मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त वाफ होऊन जातं, बहुतेक याच छिद्रांतून. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू खर्ची पडतात. ज्वारी, मका यांना त्याच कामाला निम्म्याच्या आसपास पाणी पुरतं, कारण ती सी-४ पिकं आहेत, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पानात एकवटून वापरणारी, आणि रंध्रं अर्धवट मिटलेली असतानाही हवेतला कार्बन पकडू शकतात. कोरडवाहूत ज्वारी तग धरते त्यामागे हे मोठं कारण आहे.

आता उणिवा. फोकस धरताना हात स्थिर लागतो, डोळा भिंगाला टेकवावा लागतो आणि चष्मेवाल्यांना त्रास होतो. ज्वारीची फट इतकी बारीक की उघडी की मिटलेली हे अनेकदा सांगता येत नाही. नेलपॉलिश वाळेपर्यंत रंध्राची स्थिती बदलूही शकते, म्हणून एका ठशावर पाण्याचा निर्णय घेऊ नका. मुळाजवळची माती हातात घेऊन वाफसा तपासाच. आकडे हवे असतील तर पोरोमीटर (रंध्रांतून वाफ किती जाते ते मोजणारं यंत्र) लागतो, आणि तो एकट्या शेतकऱ्याला परवडणारा नाही.

तरीही शेतकरी गटाने आणि गावच्या शाळेने एक जरूर घ्यावा, असं मी मनापासून सांगेन. मागवताना फोनला जोडायचं चुंबक सोबत येतंय ना, एवढं बघा. फोनवर फोटो ठेवले तरच आठवड्यामागचा ठसा आजच्याशी ताडता येतो.