चाळीस सेकंदांच्या व्हिडिओवर भुललो

जुना बीबीसी मायक्रो, म्हणजे ऐंशीच्या दशकात शाळांमध्ये असायचा तो संगणक, घ्यायच्या विचारात कुणी असेल, तर पैसे पाठवण्याआधी एवढं वाचा. माझे सव्वीस हजार गेलेत.

आठवीत असताना आमच्या शाळेत 'क्लास' योजनेतून हे संगणक आले. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळांपासून ही योजना सुरू केली होती. चपला बाहेर काढून आत जायचं, एका यंत्रापुढे तिघं, आणि बटणांना हात लावायची पाळी आली की तास संपायचा. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं ते यंत्र, ३२ किलोबाइट मेमरी, वरच्या रांगेत दहा लाल बटणं. चालू केलं की आधी एक जाड, लांब सूर आणि लगेच बारीक 'बीप'. पन्नाशी उलटल्यावर तो आवाज घरात हवासा वाटला, हीच माझी चूक.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'बंद पडलेल्या शाळेतला माल, चालू स्थितीत, फ्लॉपीच्या सोयीसह.' विकणारा पोरगेला आवाज. "काका, ओरिजिनल इंग्लंडचा पीस आहे, मोहालीला बनलेला नाही." मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनेही परवाना घेऊन हा संगणक बनवला होता, हे किती जणांना ठाऊक असतं? म्हटलं, पोरगा जाणकार दिसतोय. जाणकार होताच.

त्याने चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'एकॉर्न डीएफएस', त्याखाली 'बेसिक', म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. डीएफएस म्हणजे फ्लॉपीची सोय आहे, असा अर्थ. मी विरघळलो. आधी पाच हजार, मग "अजून दोघं मागे लागलेत काका" म्हणाला तेव्हा उरलेले एकवीस, तेही यूपीआयने. बायको म्हणाली होती, जाऊन बघून या. एका रात्रीचा प्रवास होता, मी टाळला.

खोकं आलं. तळाला आणि पाठीला 'फिक्स' लिहिलेले चार स्क्रू असतात, त्यांची डोकी खरवडलेली होती. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी वायर लावून बटण दाबलं. जाड सूर आला आणि थांबेचना. बारीक 'बीप' नाहीच, पडद्यावर काही नाही. पाच-सात मिनिटं मी बटणं दाबत, टीव्हीची वायर हलवत बसलो. मग मागून पांढरा धूर आणि तो जळका वास, दोन दिवस खोलीतून गेला नाही.

धुराचं कारण नंतर कळलं. पॉवर सप्लायमध्ये पिवळसर पारदर्शक आवरणाचे चौकोनी कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात. वयामुळे आवरणाला भेगा पडतात, ओल आत शिरते आणि वीज लागली की ते फुटतात. बाकीच्या बोर्डाला सहसा काही होत नाही. ते बदलल्याशिवाय जुना नग कधीही चालू करू नका. फोन केला तर पोराने नेमकं हेच पकडलं: "काका, तुम्हीच जाळलात, आता मी काय करू?"

झाकण उघडलं तेव्हा खरा प्रकार दिसला. उजवीकडे पुढच्या बाजूला, कीबोर्डखाली, रॉम चिप बसतात, म्हणजे कायमचे प्रोग्राम भरलेल्या चिप. ऑपरेटिंग सिस्टिमची खाच रिकामी, बेसिकची रिकामी. फ्लॉपी सांभाळणारी चाळीस पायांची ८२७१ चिपही गायब. ती आता बनत नाही, सुटी विकली तरी चांगले पैसे येतात. सगळ्या बोर्डावर वर्षानुवर्षांची करडी धूळ, आणि या तीन खाचांतली भोकं मात्र लख्ख. ऑपरेटिंग सिस्टिमची चिप नसेल तर तो सूर थांबतच नाही. धुराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे फोटो पाठवले आणि पोराने मला ब्लॉक केलं.

व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यातल्या चौथ्या लाल बटणाचा कोपरा उडालेला आहे. माझ्या यंत्राची दहाही बटणं धड आहेत.

तेव्हा व्हिडिओ नको, व्हिडिओ कॉल मागा. समोरच्याला तुमचं नाव टाइप करायला लावा. मग 'प्रिंट हायमेम' (PRINT HIMEM) हा आदेश टाइप करायला सांगा: सुरुवातीच्या पडद्यावर ३१७४४ आलं तर मेमरी ३२ के आहे, १५३६० आलं तर तो १६ के चा स्वस्त मॉडेल ए. मग 'प्रिंट पेज' (PRINT PAGE): एकॉर्नचं डीएफएस असेल तर ६४००, नुसत्या कॅसेटवर चालणारं यंत्र असेल तर ३५८४. आणि कॉल चालू असतानाच झाकण उघडायला सांगा. चार स्क्रूंचं काम आहे. "सील तुटेल" म्हणाला तर फोन ठेवा, याला सील नसतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, नंबर मिळाला आहे, पुढे काही नाही. परवा तोच व्हिडिओ दुसऱ्या गावाच्या नावाने पुन्हा दिसला. किंमत एकतीस हजार. चौथं लाल बटण बघा, कोपरा उडालेला आहे.