फ्युशियाच्या हिवाळ्याची खरेदी: हीटर, बबल रॅप, फ्लीस आणि बाकीचं

सप्टेंबर उलटला की ब्रिटनमधल्या गार्डन सेंटरांत हिवाळी सामानाचे ढीग लागतात. पंख्याचे हीटर, पॅराफिनच्या (म्हणजे रॉकेलच्या) शेगड्या, फ्लीसच्या (झाडावर घालायच्या हलक्या, विरळ कापडाच्या) पिशव्या, बबल रॅपचे रोल. फ्युशियासाठी, म्हणजे लोंबत्या फुलांच्या त्या झुडपासाठी, यातलं काय घ्यावं, असा प्रश्न असेल तर उत्तर आधीच सांगून टाकतो: काचघरासाठी थर्मोस्टॅट असलेला विजेचा पंखा-हीटर, बबल रॅप आणि कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर. बाकीच्यातलं बरंचसं दुकानातच राहिलं तरी चालतं.

कारण साधं आहे. कुंडीतल्या फ्युशियाला थंडीइतकाच, किंबहुना थंडीपेक्षा जास्त, धोका ओलीचा असतो. पानं गळालेलं झाड पाणी जवळजवळ ओढतच नाही. अशा वेळी कंपोस्ट (कुंडीत भरलेलं मातीसारखं मिश्रण) चिंब राहिलं की मुळं कुजतात आणि दमट, कोंदट हवेत खोडावर करडी बुरशी चढते. उलट टोकाला, ‘आता झोपलंय, पाणी कशाला’ म्हणून कुंडी कोरडी ठणठणीत केली तरी झाड जातं. म्हणून वस्तू घेताना ती ऊब किती देते याबरोबर हवा कोरडी ठेवते की ओली, हेही पाहायला हवं.

खरेदीआधी आपल्याकडचा वाण ओळखा. ‘मिसेस पॉपल’, ‘रिकार्टोनी’, ‘हॉक्सहेड’, ‘जीनी’, ‘टॉम थम’ हे काटक. यांचा मूळ पुरुष म्हणजे मॅगेलानिका ही रानटी जात, चिली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण भागातला. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तर त्याची कुंपणंच्या कुंपणं आहेत. यांना हीटर नको, फ्लीसही नको. मेअखेर किंवा जूनमध्ये जमिनीत लावताना कुंडीतल्या मातीची पातळी जमिनीच्या ५ ते १० सेंमी खाली जाईल इतकं खोल लावा, म्हणजे वरचं सगळं जळालं तरी खालून फुटवे येतात. शरद ऋतूत बुंध्यावर १० सेंमी जाडीचा सालीच्या भुग्याचा थर द्या आणि वाळक्या काड्या मार्च-एप्रिलपर्यंत कापू नका. त्याच बुंध्याला आडोसा देतात.

टांगत्या टोपलीतले ‘स्विंगटाइम’, ‘मारिंका’, ‘ॲनाबेल’ असले वाण मात्र गारठ्याबाहेर न्यावे लागतात. त्यांना ५ अंश सेल्सिअस पुरतं. सगळ्यांत नाजूक ‘थालिया’सारखे ट्रायफिला गटातले, लांब नळीच्या नारिंगी फुलांचे. त्यांना १० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, आणि पानांसकट.

आता हीटर. सहा बाय आठ फुटांच्या काचघराची काच साधारण २० चौरस मीटर भरते. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला, सुमारे ६ वॅट उष्णता निसटते. बाहेर उणे ५ आणि आत अधिक ५ हवं असेल तर १० अंशांचा फरक, म्हणजे १२०० वॅट. २ किलोवॅटचा हीटर त्यामुळे पुरून उरतो. त्याहून मोठा घेण्यात अर्थ नाही. बाहेर शून्य अंश असलेल्या चौदा तासांच्या रात्री हा हिशेब ८ ते ९ युनिटांवर जातो. युनिटला २५ पेन्स धरले तर रात्रीचे दोन पौंड. मोजक्या टोपल्यांसाठी हे महागच आहे, आणि म्हणूनच बबल रॅप हीटरच्या आधी घ्यावा.

हीटर निवडताना दोन गोष्टी बघा. पहिली, गरम करणं थांबलं तरी पंखा फिरता ठेवता येतो का. हलती हवा करड्या बुरशीला बसू देत नाही, आणि हाच या यंत्राचा खरा फायदा. दुसरी, खोक्यावर आयपीएक्स४ किंवा त्याहून वरचं पाणीरोधक मानांकन आणि जोडणीला आरसीडी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारी कळ. घरातला साधा हीटर काचघरात नेऊ नका. थर्मोस्टॅटच्या चकतीवर बहुतेकदा अंश नसतातच, नुसते १ ते ६ आकडे असतात, आणि ‘२’ म्हणजे किती हे कुणी सांगत नाही. थर्मामीटर कुंड्यांच्या उंचीवर, सावलीत टांगा; सकाळी रात्रीचं किमान वाचा; चकती जराशी फिरवा; पुन्हा वाचा. किमान ५ ते ६ वर स्थिरावलं की त्या जागी पेनानं खूण करून ठेवा. हीटर मधोमध, जमिनीवर, झोत थेट झाडावर जाणार नाही असा.

बबल रॅप बागेसाठीचा, उन्हानं न फाटणारा आणि मोठ्या फुग्यांचा घ्या. पार्सलात येणारा बारीक फुग्यांचा एका मोसमात चुरगळतो. दीड मीटर रुंदीचा १४ मीटर रोल वरच्या मापाच्या काचघराला जेमतेम पुरतो, तेव्हा १५-१६ मीटर आणा. ॲल्युमिनियमच्या पट्टीतल्या खाचेत फिरवून बसवायच्या क्लिपा मिळतात. त्यांनी काच आणि रॅप यांच्यात दोन-अडीच सेंमी फट राहते आणि त्या कोंडलेल्या हवेमुळेच उष्णता अडते. गळती साधारण तिसऱ्या हिश्शानं कमी होते. छपराच्या झडपेला मात्र वेगळा तुकडा लावा. सगळं एकसंध गुंडाळून झडप बंद करून टाकली की आत पाणी ठिबकू लागतं आणि जानेवारीपर्यंत खोडांवर राखाडी लव दिसते. कोरड्या, उघडीप असलेल्या दुपारी तास-दोन तास झडप उघडायलाच हवी.

पॅराफिनची शेगडी घेऊ नका. वीज नाही, तिथे ती मोहात पाडते, पण एक लिटर पॅराफिन जळताना लिटरभराहून जास्त पाणी वाफेच्या रूपात आत सोडतं. शिवाय साध्या शेगडीला थर्मोस्टॅट नसतो, म्हणजे उबदार रात्रीही ती जळत राहते आणि गारठ्याच्या पहाटे टाकी रिकामी. वीज नसेल तर झाडं काचघरात ठेवण्याचा हट्टच सोडा. घराला लागून असलेलं गॅरेज जास्त बरं. पानं काढलेल्या फ्युशियाला अंधार चालतो.

फ्लीस दोन जाडीत मिळते, चौरस मीटरला १७ ग्रॅम आणि ३० ग्रॅम. १७ ग्रॅमची एक-दोन अंशांचाच फरक पाडते. ३० ग्रॅमची घेऊन ठेवावी, पण ती हिवाळाभर गुंडाळायला नाही. एप्रिल-मेमध्ये कोवळी फूट आलेली असताना अचानक गारठ्याची रात्र येते, तेव्हा संध्याकाळी टाकायची आणि सकाळी काढायची. ओली फ्लीस झाडाला चिकटून राहिली तर नुकसानच.

एक खरेदी हिवाळी कोपऱ्यात दिसत नाही आणि सगळ्यांत आधी करायला हवी: वाइन विव्हिल या भुंग्याच्या अळ्यांना मारणारे सूक्ष्म कृमी, स्टाइनरनेमा क्राउसी. पांढरट, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली ही अळी सेंटिमीटरभर असते आणि कुंडीत बसून मुळं खाते. वसंतात झाड उचललं तर मुळांविना हातात येतं आणि दोष थंडीला दिला जातो. हे कृमी कंपोस्ट ५ अंशांच्या वर असतानाच काम करतात, म्हणून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ साधा. पाकीट जिवंत माल आहे. फ्रिजमध्ये ठेवा, तारखेच्या आत वापरा, ओलसर कंपोस्टवर झारीनं द्या.

पण यातली कुठलीही वस्तू तयारीची जागा घेत नाही. पहिल्या गारठ्याआधी टोपलीतलं झाड आत आणा, फांद्या तिसऱ्या हिश्शानं ते निम्म्यानं छाटा आणि उरलेली पानं, कळ्या, फळं सगळी खुडून टाका. पानाखाली नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ती पानं कचऱ्यात, कंपोस्टच्या ढिगात नको. शेंडे सुजून, वेडेवाकडे, लालसर गाठाळ झाले असतील तर गॉल माइट हा अतिसूक्ष्म कोळी. असं झाड आत घेऊच नका, जाळा किंवा पिशवीत बांधून टाका. घरगुती फवारणीनं तो जात नाही आणि शेजारच्या कुंड्यांत पसरतो. मग दोन-तीन आठवड्यांनी एकदा कुंडी उचलून वजन बघा. फारच हलकी लागली तर अर्धा कप पाणी, नाहीतर काही नाही. महाराष्ट्रात कुंडी रोज शिंपायची सवय असलेल्यांना इथे हात आवरावा लागतो. आणि बैठकीच्या खोलीत रेडिएटरजवळ ठेवणं तर सर्वांत वाईट: ऊब जास्त, उजेड कमी, फिकट लांबुडके फुटवे आणि त्यांवर पांढरी माशी.

फेब्रुवारीअखेर थर्मोस्टॅट १० अंशांवर न्या आणि खोडांवर कोमट पाण्याचा हलका फवारा सुरू करा. काडी मेली की जिवंत हे नखानं साल खरवडून कळतं. आत हिरवं असेल तर थांबा, तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली कापा. कोंब टोचणीच्या डोक्याएवढे झाले की जुनी माती झटकून, मुळं थोडी कातरून एक आकार लहान कुंडीत नवं कंपोस्ट घालून लावा.

‘थालिया’साठी मात्र पूर्ण काचघर १० अंशांवर तापवू नका. ऑगस्टअखेर त्याच्या ५ ते ७ सेंमी कोवळ्या, कळी नसलेल्या शेंड्यांची कटिंग्ज घ्या, १५ ते १८ अंश देणाऱ्या छोट्या तापत्या ट्रेमध्ये रुजवा आणि थंड पण उजेडाच्या खिडकीत हिवाळा काढू द्या. त्या एका ट्रेला लागणारी वीज पंखा-हीटरच्या पासंगालाही पुरत नाही.