क्लॅम्प मीटरच्या कॅलिब्रेशनचे खोटे सर्टिफिकेट

सोसायट्यांच्या वायरिंगमधील लीकेज करंट (वायरमधून जमिनीकडे निसटणारा विद्युतप्रवाह) मोजणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंसाठी हे लिहीत आहे. पिंपरी-चिंचवड परिसरातील एका लॅबने माझ्या क्लॅम्प मीटरच्या (वायरभोवती जबडा लावून करंट मोजणाऱ्या उपकरणाच्या) कॅलिब्रेशनचे, म्हणजे खात्रीच्या उपकरणाशी तुलना करून तपासण्याचे, पैसे घेतले आणि मीटर न तपासताच सर्टिफिकेट माझ्या हाती ठेवले.

मीटर कमी किमतीचे आहे. त्याची सर्वांत लहान रेंज 2 अँपिअरची असून तीवर डिस्प्ले 1 मिलीअँपिअरच्या टप्प्याने बदलतो. मला कॅलिब्रेशन हवे होते ते नेमके तळाच्या भागाचे, कारण 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (लीकेज वाढल्यास वीज तोडणारा सुरक्षा स्विच) 15 च्या पुढे केव्हाही ट्रिप होऊ शकतो आणि 30 ला झालाच पाहिजे. तेथे दहा-वीस मिलीअँपिअरची चूक म्हणजे सदोष वायरिंग निर्दोष ठरवणे होय. मीटर देतानाच हे मी लेखी कळवले होते.

सर्टिफिकेटवर शिक्का, सही, एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) चिन्ह, सारे काही होते. मात्र 30 मिलीअँपिअरसमोर मीटरचे वाचन 30.12 असे छापले होते. दशांश चिन्हापुढचे आकडे जे मीटर त्या रेंजवर दाखवूच शकत नाही, त्याचे असे वाचन कोणी आणि कसे घेतले? अनसर्टन्टीचा (मोजमाप किती कमी-जास्त असू शकते ते सांगणारा) रकाना रिकामा होता आणि ज्या मास्टर उपकरणाशी तुलना केली म्हणायचे, त्याचा अनुक्रमांकही नव्हता.

म्हणून मी स्वतः पडताळणी केली. 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, 120 ओहम 5 वॅटचा रेझिस्टर आणि खात्रीचा मल्टिमीटर सिरीजमध्ये जोडले. मल्टिमीटर 100 मिलीअँपिअर दाखवत असताना क्लॅम्प 81 दाखवत होता. तीच वायर जबड्यातून दहा वेळा फिरवल्यावर, म्हणजे मीटरला 1 अँपिअर मिळत असताना, वाचन 0.978 आले, जे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत बसते. 390 ओहमचा रेझिस्टर घालून 31 मिलीअँपिअर सोडल्यावर मात्र क्लॅम्पवर 12 उमटले, म्हणजे 100 ला होती तशीच 19 ची तूट; 1 अँपिअरमध्ये एवढी तूट किरकोळ दिसते. दहा फेऱ्यांची पद्धत लहान करंट मोजायला फार उपयोगी आहे, परंतु केवळ तिच्यावर विसंबून पडताळणी केली तर तळाची चूक झाकली जाते, हे येथे नीट लक्षात घ्यावे.

हे आकडे दाखवल्यावर लॅबमधून उत्तर मिळाले, "ऑडिटला कागद लागतो, तो तुम्हाला दिला आहे." पैसे परत मिळाले नाहीत. सर्टिफिकेटवर यूएलआर क्रमांक (मान्यताप्राप्त लॅबच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर असणारा स्वतंत्र क्रमांक) नव्हता आणि एनएबीएलच्या संकेतस्थळावरील यादीत त्या नावाची लॅबच नव्हती.

लॅब यादीत असली तरी तिचा स्कोप (मान्यता कोणत्या मोजमापांसाठी आहे त्याचा तक्ता) उघडून क्लॅम्प मीटरसाठी एसी करंट कोठपासून सुरू होतो ते पाहा. तो 1 अँपिअरपासून असेल, तर आपल्या कामासाठी त्या मान्यतेचा उपयोग नाही. 10, 30 आणि 100 मिलीअँपिअर हे बिंदू पैसे देण्यापूर्वी लेखी मागा, आणि अ‍ॅडजस्टमेंट (मीटरमध्ये दुरुस्ती करून वाचन जुळवणे) करणार असतील तर त्याआधीची वाचनेही मागा. चिन्हाच्या गैरवापराची तक्रार एनएबीएलकडे करता येते. सर्टिफिकेटची प्रत जोडून मी ती केली आहे.