पायथनचं सॉर्ट, एका कापूस हंगामाचा अनुभव: सगळं भारी, पण ळ नं वात आणला

ऐन हंगामाच्या तोंडावर आमच्या शेतकरी गटाचं खरेदीचं सॉफ्टवेअर लॉक झालं. काय तर म्हणे लायसन संपलं, रिन्यूवल भरा मग यादी दिसन. ज्यानं बसवून दिलं होतं तो फोन उचलेच ना, अन् उचलला तेव्हा सांगते की रिन्यूवलवर सर्व्हिस चार्ज वेगळा लागन. म्हणजे काटापट्ट्या आमच्या, नावं आमची, अन् पाहायचे पैसे त्याला. म्हटलं राहू दे बाप्पा. डेटा एक्सेलमधी काढून ठेवला होता, घरच्या जुन्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर पायथन ३.८ (प्रोग्राम लिहायची फुकट भाषा) टाकलं (त्याच्यापुढचं व्हर्जन विंडोज ७ वर चालतच नाही), अन् दिवाळीपासून होळीपर्यंत सगळ्या याद्या त्याच्यावरच निघाल्या. खर्च शून्य. लिस्ट म्हणजे पायथनमधली यादी, एवढं कळलं की पुरे, मी फक्त याद्या लावणे अन् याद्या ताडून पाहणे एवढ्यावरच लिहितो, आमचं बहुतेक काम तेच आहे.

पहिले चांगलं सांगतो. याचं सॉर्ट (यादी क्रमानं लावायची सोय) स्टेबल आहे, म्हणजे दोन ओळी बरोबरीच्या निघाल्या तर त्यांचा आधीचा क्रम मोडत नाही. मी आधी आडनावानं लावतो, मग तीच यादी गावानं लावतो, की कळंब, बाभुळगाव, राळेगाव असे गठ्ठे पडतात अन् प्रत्येक गठ्ठ्यात आडनावं लावलेलीच राहतात. उलटं लावायला रिव्हर्स दिलं तरी बरोबरीवाले जागचे हलत नाहीत. टिम पीटर्स नावाच्या माणसानं २००२ मधी ही पद्धत लिहिली, म्हणून तिला टिमसॉर्ट म्हणतात, पुढे जावानंही घेतली. यादीत जे तुकडे आधीच लागलेले आहेत ते ही हुडकते अन् फक्त एकमेकांत मिसळते. आमची यादी तर लागलेलीच असते, रोज संध्याकाळी खाली नवीन काटापट्ट्या चिकटतात, त्याच्यामुळे हा डबडा लॅपटॉपही थांबत नाही. ३.११ पासून तुकडे मिसळायचा हिशोब अजून सुधारला असं वाचलं, पण त्याच्यासाठी लॅपटॉप बदलणार कोण.

दुसरी गोष्ट तर मला खरंच वाटली नव्हती. काट्यावरचा पोट्टा मोबाईलवर मराठी आकडे टाकते, १०५, ९५ असे. मजकूर म्हणून लावलं तर १०५ हा ९५ च्या आधी बसते, कारण पहिला १ हा ९ पेक्षा लहान, ते ठीक, इंग्रजी आकड्यातही तसंच होते. पण इंट मधी (मजकुराचा पूर्ण आकडा करणारं) टाकलं की हे गुमान मराठी आकडा वाचते! फ्लोटही (दशांशवाला आकडा करणारं) वाचते, १२.४५ क्विंटल बरोबर १२.४५. मी आकडे बदलायचा कोड लिहून ठेवला होता, तो पुसून टाकला.

आता ळ.

गटाचे चुकारे यादी वाचून वाटतात. पहिल्याच वाटपाला सचिव काकांनी प्रिंट हातात घेतली अन् चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "काऊन बे, हा काळे कावळेच्या आंधी कसा बसला?" म्हटलं, काका, कम्प्युटरनं बसवला. "कम्प्युटर कोन्या शाळेत शिकला?" सगळे खो खो. पण काकांचं बरोबर आहे राजेहो. आपल्या मुळाक्षरात ळ येते ह च्या नंतर, म्हणजे व आधी, ळ मागून, म्हणून कावळे पहिले अन् काळे नंतर. पायथन काय करते, ल झाला की लगेच ळ घेते, मग व. आमच्या रजिस्टरला वर्षानुवर्षं मुळाक्षराचाच क्रम आहे, लोकांना आपला नंबर कोणाच्या मागं ते पाठ आहे, अन् ज्याच्या आडनावात ळ त्याचा नंबर सरकलेला. विदर्भात ळ वाले कमी आहेत का? शाळेच्या हजेरीतही हेच होत असन, कोणी बोलत नाही एवढंच.

तेव्हा मी चिडून याला एकच स्टार देणार होतो. आता मत बदललं आहे, अर्धं. पायथन मजकूर ताडताना एकेका अक्षराचा युनिकोड नंबर (कम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला) पाहते, बाकी काही नाही, अन् तसं ते सांगतेही. देवनागरीचे नंबर युनिकोडनं आपल्याच देशातल्या इस्कीच्या (भारतीय लिप्यांसाठीचे अक्षर-नंबर) १९८८ च्या तक्त्यावरून घेतले, त्याच्यात ळ ल च्या शेजारी आहे. देवनागरी सगळ्या भाषांची मिळून एक, तेव्हा मराठीचा क्रम कोण विचारते. म्हणजे राग दुसरीकडं काढायला पाहिजे, पण रिव्ह्यू पायथनचा चालला आहे तर अर्धा स्टार याचा कापणारच.

इलाज एका ओळीचा आहे. सॉर्टला 'की' (key, म्हणजे कशावरून लावायचं ते) म्हणून लॅम्बडा (एका ओळीचं छोटं फंक्शन) द्या अन् त्याच्यात ळ रिप्लेस करा. कशानं? युनिकोडमधी ह च्या लगेच पुढच्या जागी काश्मिरीसाठीची एक मात्रा आहे, आपल्या कोणाच्या नावात ती येत नाही. तुलनेपुरता ळ ती मात्रा होते, यादीत मूळ नाव तसंच राहते. काळे कावळेच्या मागं गेला, काका गप्प. आयसीयू नावाची लायब्ररी प्रत्येक भाषेच्या हिशोबानं क्रम लावते, कोणाला पूर्ण बंदोबस्त पाहिजे तर ती पाहा, मी एका अक्षरासाठी एवढं डाउनलोड करत नाही, आमच्याकडं नेट रिचार्जवर चालते.

बारीकसारीक कटकटी: लिस्टवर सॉर्ट मारलं की ते जागच्या जागी लावते अन् हातात नन (None, म्हणजे काहीच नाही) देते. बरोबरचं चिन्ह लावून त्याच नावात परत घेतलं तर यादी गायब. नवीन यादी पाहिजे असन तर सॉर्टेड वापरा. अन् वजनाच्या रकान्यात कुठं "बाकी" असा शब्द राहिला तर आकडा अन् मजकूर ताडता येत नाही म्हणून अख्खं सॉर्ट अडते. पायथन २ असं कायबी मुकाट्यानं लावून द्यायचं. मला तर अडलेलंच बरं वाटते, चुकाऱ्याचा मामला आहे.

याद्या ताडायच्या तर दोन बरोबरची चिन्हं (==) क्रमही पाहतात, तीच नावं मागंपुढं झाली की सारखी नाहीत म्हणते. नेटवर सगळे सांगतात सेट करून वजा करा. खेड्यात ते करू नका! सेटमधी सारखं नाव एकदाच राहते, अन् आमच्याकडं एका गावात एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोन-दोन सभासद आहेत. एकाचा चुकारा असा उडू शकते की कोणाला पत्ता लागणार नाही. कलेक्शन्समधलं काउंटर घ्या, ते कोण किती वेळा आला ते मोजते, नव्यातून जुनं वजा केलं की कोण वाढला ते निघते, अन् उलटं केलं की कोण गळला ते. खरं तर सभासद नंबरावरच ताडायला पाहिजे, पण नंबर टाकते कोण.

एक गोष्ट अजून सुटली नाही. ॲड. लागलेली नावं यादीच्या पार बुडाला जातात, कारण ॲ चा नंबर ह च्याही पुढं आहे. अन् कोणी तेच अक्षर अ वर चंद्र देऊन टाइप केलं तर दिसते सारखं, पण पायथन म्हणते वेगळं, युनिकोडचं नॉर्मलाइज (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेनं टाइप झालं तर एकसारखं करणारं) चालवून पाहिलं तरी दोन एक होत नाहीत. वकील आमच्या गटात कमीच आहेत, म्हणून ते सध्या हातानं वर घेतो.